एका वर्षाचा ताळेबंद

खेळ या विषयावर लिहायचा मला काडीचाही अधिकार नाही, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. शाळेत कबड्डीचा तास असला की मास्तर मला सगळ्यांचे शर्ट आणि चपला सांभाळायला बसवायचे. म्हणजे दुसऱ्यांचा ऐवज सांभाळायचं काम माझ्याकडे तेव्हापासूनच आहे. पुढे बी. कॉम. झालो, सेकंड क्लास मिळाला, बँकेत चिकटलो आणि युनियनच्या खोलीत कॅरमबोर्डावर पावडर टाकण्यापर्यंत क्रीडाक्षेत्रात प्रगती केली. त्यापुढे मजल गेली नाही.

तरीही आज मी एका अमेरिकन फुटबॉल संघाच्या जनरल मॅनेजरवर टीका करायला बसलो आहे. आता तुम्ही म्हणाल, जनरल मॅनेजरवरच टीका करायची तर आपल्या बँकेच्या का करत नाही? तर बाबांनो, त्याच दाराने दरमहा पगार येतो. अमेरिकेतला जनरल मॅनेजर माझी बदली गडचिरोलीला करू शकत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

झालं असं, की २०२५ च्या फेब्रुवारीत माझ्या भाच्याची मुंज निघाली. धाकटी बहीण न्यू जर्सीत, एडिसनला असते. मामाशिवाय मुंज कशी होणार? मेहुण्यांनी आमची दोन तिकिटं पाठवली आणि मी नि सौ. लाडवांचे डबे घेऊन विमानात बसलो. मुंज शनिवारी, ८ तारखेला होती. मी सहज म्हटलं, "रविवार मिळाला असता तर पाहुण्यांना सोयीचं झालं असतं." मेहुणे एकदम गंभीर झाले. "दादा, रविवारी सुपर बोल आहे. रविवारी मुंज ठेवली असती तर गुरुजीसुद्धा आले नसते."

मुंज यथासांग झाली. घेरा ठेवलेला बटू सोवळं नेसून गोड दिसत होता. संध्याकाळी सोवळं सुटलं मात्र, पठ्ठ्याने निळा टी-शर्ट चढवला. पाठीवर पांढरा २६ आकडा आणि वर नाव - बार्कली. आणि त्या शर्टात तो असा चेहरा करून बसला की मला वाटलं, मुंजीत कान टोचताना दुखलं असावं.

"मामा," तो त्याच्या एडिसनी मराठीत म्हणाला, "ते त्याला का सोडले?"

कोण, कुणाला, काही कळेना. मेहुण्यांनी सुस्कारा सोडला. "सांगतो. पण आधी चहा घ्या. लांबण आहे."

ती लांबण मी पुढे दोन दिवस ऐकली, मग घरी येऊन वर्षभर चवीने वाचली. तुमच्यासाठी तिचा गोषवारा देतो.

मेहुण्यांचा संघ न्यू यॉर्क जायंट्स. नाव न्यू यॉर्कचं, मैदान न्यू जर्सीत. म्हणजे पत्रिकेवर पुणे छापायचं आणि कार्यालय तळेगावला घ्यायचं, तसं. खेळाचं नाव फुटबॉल, पण पायाचा नि चेंडूचा संबंध लेकीच्या सासरच्यांसारखा, सणावारापुरता. चेंडू नारळाच्या आकाराचा. तो हातात घेऊन शंभर वारांच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचा. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांचे पाच धिप्पाड गडी समोर भिंत करून उभे राहतात. त्यांनी ढकलाढकली करायची, बस्स. मधला गडी चेंडू मागे देतो तेवढाच. एरवी त्या पाचांच्या हाती चेंडू लागणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. त्यांच्या आड उभा असतो क्वार्टरबॅक. चेंडू फेकायचा की कुणाच्या हाती द्यायचा हे तो ठरवतो. आणि चेंडू छातीशी धरून भिंतीतल्या फटीतून जो मुसंडी मारतो, तो रनिंग बॅक. भाच्याचा बार्कली हा दुसऱ्या प्रकारातला.

आता मॅनेजर. कोच वेगळा नि मॅनेजर वेगळा. स्थळ पाहून जमवणारे काका वेगळे आणि संसार करणारा जीव वेगळा, तसंच. मॅनेजरने स्थळं जमवायची. भांडी आपटली की लोक नवरा-बायकोकडे बघणार.

पण या काकांना एक कडक अट असते. बत्तीसही संघांना पगारावर सारखीच मर्यादा. २०२३ साली ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती. मालक कुबेर असला तरी त्यात एक दमडी वर घालता येत नाही. तेवढ्यात त्रेपन्न माणसं बसवायची. हे ऐकलं आणि माझे कान टवकारले. मंजूर रक्कम ठरलेली, मागणारे त्रेपन्न, आणि वसुली झाली नाही तर नाव मॅनेजरचं - अहो, हे तर आमचंच कर्जखातं!

आता खातेउतारा पाहू.

सेक्वॉन बार्कली २०१८ साली जायंट्सकडे आला. नव्या पोरांच्या निवडीत दुसऱ्याच क्रमांकावर घेतला. पळणाऱ्या माणसावर इतका वरचा क्रमांक खर्च करू नये, असं तेव्हाही जाणते म्हणत होते. २०१९ साली सहाव्या क्रमांकावर क्वार्टरबॅक घेतला, डॅनियल जोन्स. ही दोन्ही खाती आधीच्या मॅनेजरने, डेव्ह गेटलमन यांनी उघडलेली. त्यांच्या चार हंगामांत संघाने एकोणीस सामने जिंकले आणि सेहेचाळीस हरले. जानेवारी २०२२ मध्ये ते निवृत्त झाले आणि खुर्चीवर आले जो शोन. आमच्याकडेही नवा साहेब आला की आधी जुन्या साहेबाची खाती तपासतो आणि कपाळाला हात लावतो. शोन यांनी तेच केलं. जोन्सला करारातलं एक वाढीव वर्ष द्यायचा हक्क संघाकडे होता, सुमारे सव्वादोन कोटी डॉलरला. शोन म्हणाले, नको. आधी खेळून दाखव.

इथपर्यंत मी त्यांच्या फायलीवर 'योग्य' असा शेरा मारीन.

मग २०२२ चा हंगाम आला. बार्कली १३१२ वार धावला. जोन्सने धडपड करत, अधूनमधून स्वतःच पळत, संघ सावरला. नऊ विजय, सात पराभव, एक बरोबरी. बाद फेरीत मिनेसोटाला त्यांच्या घरी जाऊन हरवलं. पुढच्याच आठवड्यात फिलाडेल्फिया ईगल्सने ३८-७ असं धुऊन वाळत घातलं, ती गोष्ट निराळी. पण बऱ्याच वर्षांनी घरात पेढे आले होते. आणि पेढ्याचा बॉक्स उघडा असताना कर्जाचा कागद पुढे करू नये, हे आमच्या धंद्यातलं पहिलं सूत्र.

मार्च २०२३ मध्ये शोन यांनी जोन्सला चार वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा करार दिला. ज्याला वर्षभरापूर्वी एका वर्षाचे सव्वादोन कोटी जड वाटले होते, त्याला आता वर्षाला सरासरी चार कोटी!

आमच्याकडे साधा पिठाच्या गिरणीवाला कर्ज मागायला आला तरी आम्ही तीन वर्षांचे ताळेबंद मागतो. एका वर्षी धंदा बरा झाला म्हणून कर्ज देत नाही. कारण त्या वर्षी शेजारची गिरणी बंद पडलेली असू शकते. जोन्सच्या आधीच्या तीन वर्षांत दुखापती होत्या आणि पराभव होते. चांगल्या म्हटलेल्या वर्षातही त्याने फेकून केलेले टचडाऊन होते पंधरा; सतरा आठवड्यांत सामन्याला एकसुद्धा पडत नाही. फायलीत सगळं लिहिलेलं होतं. पण फाईल वाचण्याऐवजी पेढा खाल्ला गेला.

त्याच दिवशी बार्कलीला काय मिळालं? एका वर्षाची मुदतवाढ. तिकडे तसा नियम आहे. ठरावीक रक्कम देऊन माणूस वर्षभर अडकवून ठेवता येतो. रक्कम १ कोटी ९१ हजार. पुढे उन्हाळ्यात थोडी घासाघीस होऊन ती किंचित वाढली. म्हणजे एकाला घराची किल्ली, दुसऱ्याला अकरा महिन्यांचं भाडेपत्र.

२०२३ मध्ये जोन्स सहा सामने खेळला. आधी मान दुखावली, मग गुडघा. संघ सहा जिंकला, अकरा हरला. आणि भाड्याची मुदत संपली तेव्हा, मार्च २०२४ मध्ये, शोन यांनी बार्कलीला सांगितलं की बाजारात फिरून भाव काढून ये. हा सगळा व्यवहार टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे झाला. त्या उन्हाळ्यात तो मालिकेसारखा घरोघरी दिसला. त्यात मालक जॉन मारा मॅनेजरला म्हणताना दिसतात, की बार्कली फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे. मॅनेजरचं म्हणणं असं, की क्वार्टरबॅकला चार कोटी देतो ते काही चेंडू सव्वा कोटीच्या माणसाच्या हाती देण्यासाठी नाही. कर्जसमितीची मीटिंग दूरदर्शनवर दाखवायची कल्पना आमच्याकडे निघाली तर मी त्याच दिवशी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकीन.

बार्कली बाजारात गेला आणि फिलाडेल्फियालाच गेला! तीन वर्षांचे पावणेचार कोटींच्या थोडे वर. फिलाडेल्फिया म्हणजे त्याच गटातला, वर्षातून दोनदा गाठ पडणारा, शेजारचा सख्खा वैरी. आकडाही तोच ठेवला, २६. फक्त रंग निळ्याचा हिरवा झाला. भाच्याच्या शर्टाचं दुखणं हेच होतं: आकडा खरा, रंग खोटा.

त्या हंगामात बार्कली २००५ वार धावला. एका हंगामात दोन हजार पार करणारा तो इतिहासातला नववा. 'वार' हा शब्द ऐकून स्वयंपाकघरातून सौ. बाहेर आल्या आणि तोंडी हिशेब करून म्हणाल्या, "दोनशे बावीस नऊवारी लुगडी झाली की हो. वर सात वार कापड शिल्लक." ऑक्टोबरमध्ये तो जायंट्सच्या मैदानावर पाहुणा म्हणून आला आणि साधारण साडेएकोणीस लुगडी, म्हणजे १७६ वार, नेऊन गेला. सामना २८-३. हंगामातला सर्वकालीन विक्रम एरिक डिकरसनचा, २१०५ वारांचा, १९८४ पासूनचा. शेवटचा सामना उरला होता, एकशे एक वार हवे होते, आणि समोर कोण? जायंट्स! पण ईगल्सची जागा पक्की झाली होती. त्यांनी त्याला विश्रांती दिली. "निदान ती एक कृपा केली," मेहुणे म्हणाले. वैऱ्याने केलेली कृपा मोजायची वेळ येणं, यापरती नामुष्की नाही.

इकडे जोन्सचा हिशेब असा: मोठा करार झाल्यावर तो सोळा सामन्यांत उतरला आणि त्यांतले तीन जिंकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला बसवलं; त्याने स्वतःच मोकळं करा म्हटलं; मोकळं केलं. पण कर्ज माफ केलं म्हणून ते वहीतून जात नाही. २०२५ च्या पगारमर्यादेतले २ कोटी २० लाखांहून अधिक डॉलर, संघात नसलेल्या जोन्सच्या नावावर अडकून राहिले. याला आम्ही बुडीत खातं म्हणतो. तो संपूर्ण २०२४ चा हंगाम ३-१४ असा संपला. मध्ये ओळीने दहा पराभव. डिसेंबरात वैतागलेल्या चाहत्यांनी वर्गणी काढून विमान भाड्याने घेतलं आणि मालकाला उद्देशून, हे काहीतरी आवरा, अशा अर्थाचा फलक मैदानावरून उडवला. आमच्याकडे तक्रारपेटी आहे. तिची किल्ली सापडत नाही.

आता तुम्हाला वाटेल, माझी टीका इथे संपली. चांगला सोडला, वाईट ठेवला, मॅनेजर मूर्ख, रामराम. तिकडचे लोकही बहुतेक हेच म्हणतात. मेहुणेही म्हणाले. पण बी. कॉम. माणसाला इतकी स्वस्त बेरीज मान्य करता येत नाही.

मी शोन यांच्या बाजूने विचार करून पाहिला. पळणाऱ्या माणसाचं शरीर लवकर झिजतं. बार्कली सत्तावीस वर्षांचा झाला होता. २०२० साली गुडघा गेला होता, २०२१ साली घोटा. २०२३ मध्ये तो हजार वारसुद्धा धावला नव्हता, ९६२. सगळ्या बाजारात रनिंग बॅकचे भाव पडले होते. जुनं यंत्र, घसारा जास्त, बाजारभाव कमी - विका. नियमाला धरून आहे. ही फाईल माझ्या टेबलावर आली असती तर मीही सही केली असती. हे वाक्य लक्षात ठेवा. मला पुढे त्याच्याकडे परत यायचंय.

शिवाय बार्कली जायंट्सकडेच राहिला असता तर २००५ वार धावला असता का? मुळीच नाही. कारण भिंत. २०२३ मध्ये जायंट्सचा क्वार्टरबॅक, जो कोणी त्या दिवशी उभा असेल तो, चेंडू हातात असतानाच पंच्याऐंशी वेळा आडवा झाला. सतरा सामन्यांत पंच्याऐंशी. सामन्याला बरोबर पाच. या लीगच्या इतिहासात एका हंगामात यापेक्षा जास्त वेळा फक्त एकच संघ आडवा झालाय, आणि तोही फिलाडेल्फियाच, १९८६ साली.

शोन यांनी भिंतीकडे लक्षच दिलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. आल्या आल्या, २०२२ साली, त्यांनी सातव्या क्रमांकावर इव्हान नील नावाचा दांडगा गडी उजव्या बाजूसाठी घेतला. दोन वर्षांत त्याची जागा दुसऱ्याकडे गेली. डावीकडे अँड्र्यू थॉमस हा चांगला खांब होता, पण तो दुखापतीने वारंवार रजेवर. मधला गडी २०२३ साली नवा आणला, २०२४ साली आणखी दोन विकत आणले. म्हणजे विटा येत होत्या, पण दरवर्षी वेगळ्या भट्टीतून. आणि मुख्य म्हणजे १६ कोटींचं छप्पर त्याआधीच सांगून झालेलं. भिंत उभी नाही, आणि कौलांचा ॲडव्हान्स दिलेला!

शेजारी बघा. ईगल्सचे मॅनेजर हाउई रोझमन हे काही देवमाणूस नव्हेत; त्यांच्याही चुका त्यांच्या गावचे लोक पाठ म्हणून दाखवतात. पण भिंतीच्या बाबतीत त्यांनी संसार केला. लेन जॉन्सन २०१३ पासून उजवीकडे उभा. डावीकडे जॉर्डन मायलाटा. हा ऑस्ट्रेलियातला रग्बीवाला. २०१८ साली सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर घेतला, तेव्हा त्याने हा खेळ कधी खेळलाही नव्हता. त्याला शिकवायला मास्तर जेफ स्टाउटलंड, तेही २०१३ पासून २०२४ च्या हंगामापर्यंत तेच. मधला खांब जेसन केल्सी मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाला, पण त्याच्या जागेचा पोरगा, कॅम जर्गन्स, दोन वर्षं आधीच आणून ठेवला होता. निवृत्तीच्या समारंभात हार घालायला माणूस आणि टेबलावर बसायला माणूस, दोन्ही तयार! असं नियोजन मी आमच्याकडे फक्त परिपत्रकात वाचलंय. आणि ती भिंत उभी झाल्यावर रोझमन यांनी तिच्यामागे पळायला घोडा आणला. आधी गोठा, मग गाय.

म्हणून माझा आक्षेप निराळा आहे. बार्कलीला सोडणं ही चूक नव्हे. ती चुकीची पावती आहे. चूक आधीची. शोन यांनी प्रत्येक माणूस वेगळं खातं म्हणून पाहिला. जोन्सचा बाजारभाव इतका, बार्कलीचा तितका. पण बार्कलीचे ९६२ वार हे एकट्या बार्कलीचे आकडे नव्हतेच. ते बार्कली भागिले भिंत असे होते. जोन्सचेही तसेच. एकाचं भाग्य वर दिसलं तेव्हा सगळं श्रेय त्याच्या खात्यावर जमा केलं, दुसऱ्याचं खाली गेलं तेव्हा सगळा तोटा त्याच्या नावे टाकला, आणि भिंतीचं खातंच उघडलं नाही. २०२४ साली झेवियर मॅकिनी हा मागच्या फळीतला रखवालदारही असाच जाऊ दिला. ग्रीन बेला जाऊन त्याने पहिल्याच हंगामात प्रतिस्पर्ध्यांचे आठ चेंडू हवेतून पळवले. शोन यांना माणसं पारखता येत नव्हती असंही नाही. त्यांनीच २०२४ साली निवडलेल्या मलिक नेबर्सने पहिल्याच हंगामात एकशे नऊ चेंडू झेलले. पण ढासळत्या भिंतीआड त्याचे झेल म्हणजे गळक्या घरात लावलेलं झुंबर.

आणि माझ्या म्हणण्याला पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. २०२५ मध्ये जोन्स इंडियानापोलिसला गेला. बुडीत म्हणून काढलेला तोच जोन्स. तिथे पहिल्या आठ सामन्यांतले सात संघाने जिंकले! पुढे डिसेंबरात बिचाऱ्याच्या टाचेची शीर तुटली, नशीब. पण सात तर सात. म्हणजे ठेवलेला वाईट नव्हता, सोडलेलाही वाईट नव्हता. दोघेही दुसऱ्या गावी जाऊन फळले. कर्जदार बुडीत नव्हते. शाखा बुडीत होती.

आता मघाच्या वाक्याकडे येतो. मीही सही केली असती, असं म्हणालो होतो. खोटं बोललो. मी केली आहे.

आमच्या शाखेत एक हेड कॅशिअर होते. नोटा मोजताना मान वर न करता समोरचा माणूस ओळखायचे. सकाळी दहाला भाजीवाल्या बायका चिल्लर घेऊन यायच्या, त्यांच्या स्लिपा हेच भरून द्यायचे. वरून आदेश आला: जास्त पगाराच्या जागा कमी करायच्या, तुलनात्मक तक्ता पाठवा. तो तक्ता मी केला. ज्येष्ठ माणसाचा पगार एका रकान्यात, नव्या पोराचा दुसऱ्यात, दिवसाच्या व्हाउचरांची संख्या तिसऱ्यात. नवा पोरगा निम्म्या पगारात तेवढीच व्हाउचरं काढील, असं गणिताने सिद्ध झालं. बेरीज दोनदा तपासली. बेरीज बरोबर होती. त्यांची बदली चार किलोमीटरवरच्या शाखेत झाली.

नवा पोरगा हुशार होता. पण नोटा मोजायचं यंत्र बंद, काउंटर दोनाचं एक झालेलं, शिपाई रजेवर. तो आठव्या दिवशी कॅश टॅली होईना म्हणून डोळे पुसत बसला. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, पोरात दम नाही. भाजीवाल्या महिनाभर आल्या. मग चार किलोमीटर बसने जायला लागल्या. तिमाहीअखेर ठेवी का घटल्या याचं स्पष्टीकरण मागितलं गेलं. तेही मीच टाईप केलं. त्यात लिहिलं, 'स्थानिक बाजारातील मंदी.'

तक्त्यात चौथा रकाना नव्हता, दुसरं काही नाही. चिल्लर घेऊन येणारी बाई कुणाच्या भरवशावर येते, त्याचा रकाना. हेड कॅशिअर परवा लग्नात भेटले. "काय रे, यंत्र दुरुस्त झालं का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. झालेलं नाही.

तर असा मी, जो शोन यांच्यावर टीका करायला बसलो आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेहुण्यांचा फोन आला. संघ २-८ वर होता. "दादा, काढला एकदाचा!" "मॅनेजरला?" "नाही हो, कोचला. मॅनेजर आहेत. तेच नवा कोच शोधायच्या कामाला लागलेत." मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. तक्ता करणाऱ्याची बदली झाल्याचं मीही अजून पाहिलेलं नाही.

पण हे पुढचं. त्या फेब्रुवारीच्या रविवारी आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. ईगल्स ४०, कॅन्सस सिटी २२. त्याच दिवशी बार्कलीचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. हिरव्या कपड्यांतला माणूस कागदाच्या कपट्यांच्या पावसात उभा होता आणि निळ्या शर्टातला मुंजा चकोट डोक्यावर हात फिरवत त्याच्याकडे बघत होता. शर्ट काढ म्हटलं तर काढेना. हिरवा आणून देतो म्हटलं तर तोही नको म्हणाला.

रात्री तो भिक्षावळीची झोळी घेऊन माझ्या खोलीत आला. पळीभर तांदूळ सांडले. आत डॉलर होते, पाकिटांतले, सुटे, काही चुरगळलेले.

"मामा, तू बँकेत आहेस ना? काउंट कर."

मी मोजले. एक हजार एकशे सोळा.

"इतक्यात तो परत येणार?"

मी पुन्हा एकदा मोजले. बावीस वर्षांच्या नोकरीत, बेरीज चुकलेली असावी असं मनापासून वाटण्याचा तो पहिलाच प्रसंग. एक हजार एकशे सोळाच होते. मग मी माझ्या खिशातली वीसची एकुलती एक नोट त्यात घातली, रबर लावलं आणि म्हटलं, "आत्ताच नाही. पण आपण खातं उघडून ठेवू."